भिंत दिसते का?

खाली चुना लावणाऱ्या म्हाताऱ्यानं तुम्हाला काय विचारलं, आणि तुम्ही त्याला काय उत्तर दिलंत? — नाही, आधी हे सांगा. ती गुंडाळी टेबलावर ठेवा, खुर्चीत बसा, आणि सांगा. मी खिडकीतच उभी होते, मला सगळं ऐकू आलंय. तरी तुमच्या तोंडून ऐकायचंय. त्यानं विचारलं, “भिंत दिसते का?” — आणि तुम्ही हसून म्हणालात, “आज दिसते, आजोबा. पुढच्या आठवड्यापासून नाही दिसणार.” हेच ना? गंमत केलीत. मजूर माणूस, थट्टा पचवील असं वाटलं. त्यानं हातातला कुंचला खाली टाकला, ते पाहिलंत का? नाही पाहिलंत. जिना चढायची घाई होती तुम्हाला. तो अजून तसाच बसलाय, बादलीला पाठ टेकून. — कोण म्हणजे? चुना लावतो तो आमच्याकडे. बस्स. तुम्हाला एवढं पुरे.

तुमचं काम मला कळलंय. महापालिकेची परवानगी आहे, पैसे सिमेंट कंपनीचे आहेत, रंगारी तयार आहेत, आणि घरात राहणाऱ्याची संमती तेवढी राहिलीय. ‘माझं शहर, माझी ओळख.’ बंदराकडे तोंड असलेली एवढी उंच, एवढी रुंद, खिडकी नसलेली भिंत साऱ्या किनाऱ्यावर दुसरी नाही, म्हणून ती हवी. बरोबर आहे. भिंत खरोखरच तशी आहे — ती तशी का आहे, हे मात्र तुमच्या कचेरीत कुणालाही विचारावंसं वाटलं नाही. उघडा ती गुंडाळी. उघडा, उघडा, मी खाणार नाही तिला.

सुरेख आहे. खोटं कशाला बोलू? टेकडी आहे, तिच्यावरचा पाण्याच्या टाकीचा मनोरा आहे, किनाऱ्याचा रस्ता, उंच इमारती, सगळं जिथल्या तिथे. आता मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे जुन्या सवयीनं एक विचारते. राग मानू नका — मानलात तरी चालेल. या शहराच्या पूर्वेला काय आहे? — पाणी. शाबास. आणि त्या पाण्याच्या पलीकडे? — बघा, अडलात. तुमच्या चित्रात त्या जागी सिमेंट कंपनीची निशाणी आहे. रोज उजाडता उजाडता लाँच भरभरून माणसं जिथून येतात, तुमच्या कचेरीची फरशी जे पुसतात, तुमच्या आईला दवाखान्यात जे कुशीवर वळवतात, तुम्ही ज्या बाकावर बसता ते बाक जे रंगवतात, ते सगळे ज्या किनाऱ्यावर झोपतात, तिथे तुम्ही निशाणी चिकटवलीत. मुद्दाम नाही, मला ठाऊक आहे. मुद्दाम करणारा निदान क्षणभर विचार तरी करतो.

माझे वडील बंदरात नोकरीला होते. लहानपणी आम्हा दोघा भावंडांना या खिडकीत उभं करून ते शहर शिकवायचे. म्हणायचे, शहर म्हणजे जमिनीनं समुद्रात काढलेलं नाक — तीन बाजूंना पाणी, एका बाजूनं श्वास. टेकडी हे डोकं, बंदर हे पोट, आणि हातपाय पलीकडे. सकाळी हातपाय पाण्यावरून येतात, तेव्हा धड हलतं. संध्याकाळी ते परत जातात. ज्या दिवशी धड म्हणेल की हातपाय माझे नव्हेत, त्या दिवशी ते धड नुसतं मढं. — असं साधं बोलायचे ते. शिकलेले फार नव्हते, पण देवभीरू होते, आणि देवभीरू माणसाला शेजारी कोण हे कधी विसरता येत नाही.

हे घर बंदरखात्यानं त्यांना दिलं ते एका अटीवर: बंदराकडची भिंत पांढरी ठेवायची. कायमची. का, ते सांगते. ही खिडकी बाजूच्या भिंतीत आहे, जरा वाकून बघा — तो मधला निळा पट्टा दिसतो? तेवढीच वाट आहे. डावीकडे गाळ, उजवीकडे पाण्याखाली खडक. भरतीला त्याचं टोकही दिसत नाही. लाँचवाले त्याला सासू म्हणतात — वरून शांत, आणि लागली म्हणजे आतपर्यंत लागते. हसा, हसायला हरकत नाही, तेही हसतातच. तर पलीकडून येणारा तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, वाटेत कुठे बघतो? समोर. टेकडीवरचा मनोरा आणि त्याच्या बरोबर खाली आमची पांढरी भिंत. एकाखाली एक आली की तुम्ही वाटेत आहात. भिंत मनोऱ्याच्या डावीकडे सरली तर गाळ, उजवीकडे सरली तर सासू. एवढंच शास्त्र. आणि चुनाच लागतो. तैलरंग नाही चालत. तैलरंग उन्हात आरशासारखा चकाकतो, धुक्यात मरून जातो. चुना चकाकत नाही, उजळतो. धुक्यात आधी भिंत दिसते, मग शहर दिसतं. — फोनवर नकाशा असतो, म्हणता? असतो ना. पाण्याचा शिंतोडा काचेवर आला, की तो नकाशा पुसायला खाली मान घालायची, आणि मान खाली घातली की सासू. बंदरखात्यानं दिवासुद्धा लावलाय. आठवड्यातून एकदा जळतो, लोकांना आपण आहोत हे कळावं म्हणून. सांगू नका मला.

तर दादा — म्हणजे माझा थोरला भाऊ — हे सगळं माझ्या आधी शिकला. त्याच्या डोक्यात ते माझ्यापेक्षा चांगलं बसलं होतं. वडिलांच्या शिडीचं खालचं टोक तो धरायचा, मी नाही. हुशार. बोलण्यात तर असा, की दगडालाही मान डोलवावीशी वाटावी. निवडून आला, मग शहर सुशोभन समितीचा अध्यक्ष झाला, भराव घातलेल्या जमिनीवर नवं घर बांधून राहायला गेला. तिथून त्याला पलीकडचा किनारा दिसत नसे. मध्ये इमारती होत्या. माणूस बिघडतो तो एकदम नाही. खिडकी बदलते, मग नजर बदलते. आम्ही टेकडीवाले, ते पलीकडचे — हे तो हळूहळू बोलायला लागला. शहराला चेहरा पाहिजे, म्हणायचा, ओळख पाहिजे. बाहेरचा माणूस जहाजातून उतरला की त्याला पहिल्या नजरेत शहर दिसलं पाहिजे. आणि त्याला भिंत आठवली. वडील गेल्यावर घर त्याच्या नावावर झालं होतं. मी काय, अविवाहित बहीण, वरच्या मजल्यावर राहणारी.

निळा नकाशा काढायचं ठरलं. सगळी भिंत समुद्राच्या निळ्या रंगात, मध्ये शहर हिरवं, वर सोनेरी अक्षरं. मी भांडले. रंगाऱ्यांच्या शिडीखाली जाऊन उभी राहिले. दादानं मला दंडाला धरून जिना चढवला आणि म्हणाला, “मास्तरीणबाई, मुलांना नकाशे तुम्ही शिकवा, काढायचं आम्ही बघतो.” रंगारी बिचारे खाली माना घालून निळा कालवत होते. नकाशा पुरा झाला, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन तो पाहिला. शहर पाण्यापाशी संपत होतं. पलीकडचा किनारा नव्हता; तिथे निळाच होता. सगळा किनारा पाण्याखाली घालून टाकला होता, तोही सोनेरी चौकटीत. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. टेकडीवरचे सगळे आले होते. मोठमोठी माणसं भिंतीवर आपापलं घर शोधत होती, बोट लावून दाखवत होती — हे बघा आमचं, हे बघा. पलीकडचेही काही आले होते. तेही शोधत होते. मग शोधायचे थांबले.

तांडेल आला होता. — कोणता म्हणजे? सकाळच्या पहिल्या लाँचचा. धिप्पाड, कमी बोलणारा, कधी थेंबाला न शिवलेला, प्रार्थना न चुकवणारा माणूस. भिंत दिसली की तो भोंगा वाजवायचा, सगळ्यांना कळावं की वाट सापडली. आणि त्यानंतर आणखी एकदा — ते जाऊ द्या. तो दादाला भेटायला आला, याच जिन्यात गाठलं त्यानं. म्हणाला, “साहेब, धुक्याचे दिवस तोंडावर आलेत. तेवढी भिंत पुन्हा पांढरी करून द्या.” दादा म्हणाला, “तुझ्यासाठी शहराचा नकाशा पुसू? अरे, त्या नकाशात तू आहेस तरी का?” आणि तांडेल म्हणाला, “नाही साहेब. म्हणूनच आलो.” त्याच्या आवाजात राग नव्हता. मी वरच्या पायरीवर होते. मला वाटलं आता दादाला शरम वाटेल. दादाला हसू आलं.

मग धुक्याची सकाळ आली. भरती होती. मी या खिडकीत उभी होते — रोजच उभी राहायची मी त्या वेळेला, त्यात काय. लाँचचं इंजिन ऐकू येत होतं, लाँच दिसत नव्हती. भोंग्याची वाट पाहत होते. भिंत दिसल्याशिवाय तो भोंगा वाजवायचा नाही, आणि भिंत कशी दिसणार? निळ्या धुक्यात निळी भिंत. इंजिन मंद झालं. शोधत होता तो. मग पुन्हा जरा पुढे आलं. मग एक आवाज झाला, फार मोठा नाही, कुणी कपाट सरकवावं तसा. आणि त्यानंतर माणसांचे आवाज.

किती गेली ते विचारू नका. आकडा सांगितला की लोक आकडा लक्षात ठेवतात आणि माणसं विसरतात. दादाच्या घरी स्वयंपाक करणारी बाई होती त्यात. तिच्या हातचं जेवून तो भाषणं करायला जायचा. एक शिंपी होता, कुणाच्या तरी लग्नाचे शिवून झालेले कपडे मांडीवर घेऊन बसलेला. ते कपडे दुसऱ्या दिवशी धक्क्याला लागले, घडी न मोडता. तांडेल पट्टीचा पोहणारा होता. सहज वाचला असता. पण तो बाहेर आला आणि परत आत गेला, पुन्हा बाहेर आला, पुन्हा गेला. माणसं काढत राहिला, हात चालेनासे होईपर्यंत. छातीत पाणी गेलं होतं. चार दिवस दवाखान्यात होता. मी जवळ बसले होते. त्यानं एकदाच डोळे उघडून विचारलं, “पांढरी केली का?” मी हो म्हटलं.

तुम्ही म्हणाल, मग यात पाप कुठे? माणसाकडून चूक होते. मीही तेच म्हटलं असतं. निळा रंग ही चूक होती, अहंकारातून झालेली, पण चूक. दादा त्या दिवशी धक्क्यावर येऊन त्या लोकांच्या पायावर पडला असता, तर देवानं क्षमा केली असती, माणसांनीही केली असती. पलीकडच्या लोकांचं काळीज मोठं आहे, फार वेळा क्षमा करून करून मोठं झालेलं. पण चौकशी बसली, आणि दादा भरल्या सभागृहात उभा राहिला, स्वच्छ कपडे घालून, आणि म्हणाला — शब्द न् शब्द सांगते — “त्या भिंतीकडे कुणी बघत नाही. ती जुनी समजूत आहे. तांडेल प्यायलेला होता.” मेलेल्या माणसाबद्दल म्हणाला. जो उठून नाही म्हणू शकत नव्हता त्याच्याबद्दल. आणि भिंतीला चुना लावताना ज्यानं बापाची शिडी धरली, त्यानं सांगितलं की भिंतीकडे कुणी बघत नाही! चूक माणसाच्या हातून होते, साहेब. पाप तोंडातून होतं.

काय? — नाही, रडत नाही मी. डोळ्यांना वारं लागतं इथं. खिडकी आहे ती.

मी काय केलं सांगते. लाँच बुडाली म्हणून लाँच थांबत नाहीत. पोटाला धुकं कळत नाही. दवाखान्यात मी हो म्हटलं होतं, ते खोटं राहू द्यायचं नव्हतं. घरात होत्या तेवढ्या पांढऱ्या चादरी वरच्या गच्चीतून भिंतीवर सोडल्या. दादा धावत आला. पहिली चादर त्यानं ओढून फाडली. “शहराची लाज काढतेस? नकाशावर चादरी वाळत घालतेस?” मी म्हटलं, “लाज चादरीनं झाकतात, दादा. काढत नाहीत.” त्याच्याशी बोललेलं ते माझं शेवटचं वाक्य — म्हणजे, तेव्हा तसं वाटलं होतं.

पण रस्त्यावरून ते धोबिणींनी पाहिलं. टेकडीवरच्या हॉटेलांचे कपडे पलीकडे धुतले जातात, ठाऊक आहे का तुम्हाला? नसणारच. रोज गठ्ठेच्या गठ्ठे लाँचमधून येतात. त्यांची म्होरकी होती, दात पडलेली, आवाज तुतारीसारखा. जिना चढून वर आली आणि म्हणाली, “बाई, तुमच्याकडं दोरी आहे का? चादरी आमच्याकडं टेकडी झाकायला पुरतील एवढ्या आहेत.” दादा दारात आडवा उभा राहिला. ती त्याला म्हणाली, “सरक रे बाबा, तू निळा आहेस, दिसत नाहीस.” आणि त्या बायका त्याच्या बाजूनं, त्याच्या अंगाला धक्काही न लावता, एकेक करून वर गेल्या. त्या दिवशी टेकडीवरच्या पाहुण्यांना चादरी मिळाल्या नाहीत. हॉटेलवाले बोंबलले. आम्ही टाचण्या लावत होतो, दोऱ्या बांधत होतो, आणि एक चादर फडफडली की दुसरी तिला धरायची. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरी झाली.

दुसऱ्या दिवशी चौकशीचे अधिकारी खडक बघायला पलीकडून लाँचनं निघाले. देवाची योजना बघा — दाट धुकं. नवा तांडेल होता, वाटेला अजून न सरावलेला. अधिकारी त्याच्याजवळ उभे होते. समोर काही नाही, नुसतं राखाडी. आणि मग त्या राखाडीत एक पांढरा चौकोन उगवला, जरा हलणारा, फडफडणारा. तांडेलानं लाँच त्याच्यावर रोखली आणि वाट सापडली. अधिकाऱ्यांनी विचारलं, “कशावर रोखलीस?” तो म्हणाला, “चादरींवर, साहेब.” पुढे काही विचारायचं उरलं नाही. प्रवाशांपैकी जे वाचले होते त्यांनी एकेकानं उभं राहून सांगितलं की तांडेल कधी प्यायला नव्हता. मीही सांगितलं. त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं माहीत? तुमचं त्यांचं नातं काय?” मी म्हटलं —

हे तुम्हाला कशाला हवंय? ... बरं. आता निघालंच आहे तर. मी म्हटलं, तो पहिल्यांदा भोंगा वाजवतो तो भिंतीसाठी, आणि दुसऱ्यांदा वाजवतो तो माझ्यासाठी. भरल्या सभागृहात म्हटलं. टेकडीवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. वय उलटून गेलं होतं दोघांचं, पण आमचं ठरलं होतं, आणि त्या आधीच्याच वर्षी दादानं त्याला याच दारातून परत पाठवलं होतं — “या घराला पलीकडचा जावई नको.” तो गेला. भोंगा मात्र वाजवत राहिला. त्याला मनाई करणारा कायदा दादाला सापडला नाही.

तेव्हा नका सांगू मला ओळख. मला ठाऊक आहे ओळख म्हणजे काय. ज्याला तुम्ही नकाशात घेत नाही, तोही तुम्हाला ओळखून असतो, तुमच्या भिंतीसकट, तुमच्या खिडकीसकट. उलट तुम्ही त्याला ओळखता का, एवढाच प्रश्न देवाच्या दारी विचारला जाणार आहे. तिथे तुमची सोनेरी अक्षरं कुणी वाचत नाही.

दादाचं काय झालं, विचारताय? सांगते. अध्यक्षपद गेलं. लोक म्हणाले, झाली शिक्षा. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच नमस्कार बंद केला, रस्ता ओलांडून जायला लागले; लोक म्हणाले, झाली शिक्षा. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. ते घरही गेलं. ही शिक्षा नव्हे. हे तर नुसतं हिशेबाला लागलेलं होतं. एका सकाळी तो माझ्या दाराशी येऊन उभा राहिला. दगडाला डोलवणारा माणूस, आणि शब्द नव्हता. अट मोडली म्हणून बंदरखात्यानं हे घर तोवर माझ्या नावावर केलं होतं. मी दार उघडलं, बादली आणि कुंचला बाहेर ठेवला, आणि दार लावून घेतलं. चुना कुठे असतो ते त्याला ठाऊक होतं.

तो तळमजल्यावरच्या चुन्याच्या खोलीत राहतो. वर येत नाही. मी बोलावत नाही. ताट खाली ठेवते, रिकामं उचलते. होय, तोच. ज्याला तुम्ही आजोबा म्हणालात तोच. इतक्या वर्षांत त्यानं भिंत एक दिवस मळू दिली नाही. लाँच जाताना माणसं त्याला शिडीवर बघतात. कुणी शिवी देत नाही, कुणी हात हलवत नाही. आणि मग एकदा, कळीचा चुना पिंपात भिजवताना — भिजवताना तो उकळतो, तडतडतो, लांब काठीनं ढवळायचा असतो, हे त्याला बापानं शिकवलं होतं — तो घाईनं पिंपावर वाकला. दोन्ही डोळे. मी पाणी ओतलं, घागरीमागून घागर ओतली, दवाखान्यात नेलं. त्याच दवाखान्यात. डॉक्टरांनी मान हलवली.

मला वाटलं, आता सोडील. दुसऱ्या आठवड्यात तो पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी शिडीवर होता. हातानं चाचपून लावतो. ओलं कुठवर आलं ते तळव्याला कळतं. पांढरं झालं की नाही, ते तळव्याला कळत नाही. म्हणून विचारतो. येणाऱ्याजाणाऱ्याला, पोस्टमनला, भाजीवालीला, पाण्यावरच्या लाँचला ओरडून विचारतो — “भिंत दिसते का?” आणि सकाळी खिडकीखाली उभा राहून मला. मी त्याच्याशी दुसरं काही बोलत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं देते. दिसते. किंवा, नाही दिसत. धुकं असेल आणि दिसत नसेल तर नाही दिसत असंच सांगते. मग तो पुन्हा कालवायला बसतो. कठोर म्हणा मला. खोटं बोलून त्याच्यावर दया करायची, आणि एक लाँच त्या खोट्यावर यायची? मी एकदा एका मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. ते खरं करायला सारं गाव लागलं.

थांबा. ऐका. — उठलाय तो. भिंतीवर हात फिरवतोय. विचारतोय.

“दिसते! दिसते रे, दादा! दिसते!”

... असं मी कधी म्हणत नाही. तुमच्यामुळे तोंडून गेलं.

ती गुंडाळी घ्या. संमती नाही. आज नाही, मी असेपर्यंत नाही, आणि माझ्यानंतरची सोय धोबिणींच्या मुलींनी करून ठेवलीय. जा आता. आणि जाताना तो तुम्हाला पुन्हा विचारील, तेव्हा थट्टा करू नका. नीट वळून बघा, आणि असेल ते सांगा. तरी त्याचा विश्वास बसणार नाही. तो पुढच्या माणसालाही विचारील. त्या भिंतीकडे कुणी बघत नाही असं ज्यानं शपथेवर सांगितलं, तो मरेपर्यंत त्याच भिंतीपाशी बसून प्रत्येकाला हेच विचारणार आहे, आणि मिळालेलं उत्तर खरं की खोटं, हे त्याला कधीच कळणार नाही.